प्राथमिक प्रश्न : बंद

लिंबू-मिरची, पिंपळ, अमावस्या यातलं काहीही या अनुभवात नाही. ज्यांना तेच वाचायचंय त्यांनी दुसरा धागा उघडावा. आणि "ताई, एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या" अशी कमेंट टाकणाऱ्यांना आधीच हात जोडते – नको. आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव बाहेर काढले, त्यांच्याबरोबर भूतखेत, उतारे, अंगात येणं सगळंच गेलं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. मी स्वतः प्रोग्रामर. माझा विश्वास फक्त लॉगवर. लॉग म्हणजे मशीननं आपली आपण लिहिलेली डायरी... काय पाठवलं, किती वाजता, कोणाला. त्यात भावना नसतात, म्हणून मला तो आवडतो.

मी अमरावतीत राहते, ऑफिस बडनेरा रोडवर. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणारी कंपनी आहे. नाव सांगणार नाही, विचारू नका. आमचा एक चॅटबॉट आहे. शेतकऱ्यानं पिकाचा फोटो टाकायचा, बॉट कीड ओळखून औषध आणि प्रमाण सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि आमची वेबसाइट, तिन्हीकडे तोच एक बॉट. तो मी बांधला.

पण त्यातलं शहाणपण माझं नव्हतं. बॉट यायच्या आधी कंपनीच्या अकोला ऑफिसात एक टेबल, एक फोन आणि गावंडे काका होते. वीसेक वर्षं त्यांनी त्या फोनवर लोकांना औषधं सांगितली. मी चार दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि ते काय बोलतात ते टाइप करत गेले. काका प्रमाण कधीच लगेच सांगायचे नाहीत. आधी तीन प्रश्न – "जेवले काय? वारं कुठून येऊन रायलं? संग कोन हाये?"

समोरचा म्हणाला जेवलो नाही, की काका फोन ठेवून द्यायचे. "जेवून घ्या, मंग लावा. मी इथंच हाये." लोक शिव्या द्यायचे आणि अर्ध्या तासानं पुन्हा फोन करायचे. मी विचारलं, काका, एवढं कशाला? तर म्हणाले, "अवं बाई, उपाशी पोटी फवारलं का चक्कर येते. वाऱ्याच्या तोंडाले उभा रायला तं सारं आपल्याच आंगावर. अन् एकटा मानूस पराटीत पडला तं कोनाले दिसते? हे पयले इचारत जाय म्हना तुह्या मशीनले. प्रमाण तं डब्यावर लिवलंच असते."

मी ते तीन प्रश्न बॉटमध्ये घातले. फक्त भाषा "सुधारली". आपण जेवण केले आहे का, वाऱ्याची दिशा कोणती आहे, आपल्यासोबत कोणी आहे का... अशी, एकदम सरकारी. बॉट सुरू झाला, अकोल्याचं टेबल उचललं, काका घरी बसले. त्याच हिवाळ्यात ते गेले. बॉटचं काम चालू होतं म्हणून मी अकोल्याला गेले नाही.

गेल्या खरिपाच्या तोंडावर मालकांनी बॉटला सेटिंगचं पान मागितलं. म्हणजे काहीही बदलायचं तर माझ्याकडे यायला नको, बटण दाबलं की झालं. बॉटचं नाव बदलता यावं, भाषा प्रमाण मराठी की वऱ्हाडी की हिंदी ते निवडता यावं, उत्तर लांब की आखूड, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपला एक आणि वेबसाइटला दुसरं ठेवता यावं. आणि एक ऑप्शन खास त्यांच्या आग्रहाचा – "प्राथमिक प्रश्न : चालू / बंद".

"मॅडम, लोकं औषध इचारतात अन् हा त्यायले जेवले का इचारते! लग्नाची पंगत हाये का इथं?" मालक म्हणाले. "अर्धे लोकं तिथंच चॅट सोडून जातात. बंद ठेवा. तिन्हीकडे."

मी वाद घातला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी सगळ्यांवर चिडलेली दिसेन आणि तुम्हाला वाटेल ही बाई फार तत्त्वाची आहे. नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं, दुपारच्या चहाच्या आत संपलं. तिन्हीकडे "बंद" दिसतंय ना, ते तपासलं आणि चहाला गेले.

सप्टेंबरमध्ये, फवारणी जोरात असताना, एका सकाळी साडेदहाला मालक मोबाइल नाचवत माझ्या टेबलाशी आले. कौंडण्यपूरजवळच्या एका गावातल्या राऊत नावाच्या शेतकऱ्यानं तक्रार केली होती. त्यांनी पराटीचा, म्हणजे कपाशीचा, फोटो टाकून प्रमाण विचारलेलं. पुढचं संभाषण जसंच्या तसं देते –

"जेवले काय?"

"नाही. प्रमाण सांगा."

"मंग जेवून घ्या. प्रमाण कुठं पळून नाई चाललं."

"अरे बाप्पा, सांग ना"

"संग कोन हाये?"

"कोणीच नाही"

"मंग आज नाई सांगत."

"हे काय हाये?" मालकांचा आवाज बाहेरच्या गोदामापर्यंत गेला असेल. "बंद केलं होतं ना तुमी? आपला बॉट कस्टमरले नाई सांगत म्हनते! कोन लिवलं हे?"

मलाही तेच हवं होतं, कोणी लिहिलं. राग आला होता, भुताचा नाही, माझ्याच कोडचा. सेटिंग उघडलं. तिन्हीकडे बंद. बंद असताना प्रश्न जायलाच नको, आणि गेले तरी ते माझ्या सरकारी मराठीत जायला हवेत. "पळून नाई चाललं" हे वाक्य कोडमध्ये नव्हतं, डेटाबेसमध्ये नव्हतं, कुठंच नव्हतं. आमचा बॉट जो मेसेज पाठवतो त्याला एक टॅग लागतो, तो मेसेज बॉटच्या कोणत्या भागानं तयार केला याचा. उत्तर देणाऱ्या भागानं तयार केलेल्या मेसेजला "उत्तर". हे मेसेज गेल्याची नोंद होती, वेळ होती, टॅगची जागा रिकामी. मुळात माझं कोड रिकाम्या टॅगचा मेसेज बाहेर सोडतच नाही.

कोणी बाहेरून घुसलं म्हणाल, तर तेही तपासलं. पासवर्ड बदलले, कोण कधी लॉगिन झालं ते मिनिटामिनिटानं पाहिलं. मी सोडून कोणीच नाही. मागचे लॉग चाळले तर राऊत एकटे नव्हते. असे सात जण निघाले. चार व्हॉट्सअ‍ॅपवर, दोन टेलिग्रामवर, एक वेबसाइटवर. सातही ठिकाणी तेच तीन प्रश्न, तीच भाषा, तीच रिकामी जागा.

टेलिग्रामवरच्या एकाला बॉट म्हणाला होता, "तवा पोळ्याच्या आदल्या दिवशी पडला होता ना तू, सुभाष? तरी उपाशी चालला?"

ते खातं सुभाषच्या नावाचं नव्हतं, मुलाच्या नावाचं होतं. मी त्या नंबरवर फोन लावला. दर्यापूरकडचे गृहस्थ. म्हणाले, "हो मॅडम, मीच सुभाष. पडलो होतो, चार-पाच वर्सं झाले. पन तुमच्या ऑफिसात ते गावंडे भाऊलेच माहीत होतं. मी फोनवर बोलता बोलताच पडलो, तं त्यायनं माह्या बायकोले फोन लावून मले दवाखान्यात धाडलं. तुमाले कोन सांगतलं?"

मी फोन ठेवला आणि बाकीच्या सहा जणांना लावला. सगळ्यांना एकच विचारलं – तुम्ही कधी अकोल्याच्या ऑफिसला फोन करायचा का? सहाही जण हो म्हणाले. राऊत तर म्हणाले, "भल्ला राग आला होता मले त्या दिवशी. पन जेवून घेतलं मी. आवाजच तसा होता." टाइप केलेल्या मेसेजला आवाज कसला, हे मी विचारलं नाही.

आता माझ्यातल्या प्रोग्रामरला एकच जागा उरली होती, काकांची रजिस्टरं. त्यात सुभाषच्या पडण्याचं कुठं लिहिलेलं असेल, माझ्याकडून चुकून ते डेटात गेलं असेल. रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला काकांच्या घरी गेले. काकूंनी रजिस्टरं काढून दिली. दुपारपर्यंत पान न् पान पाहिलं. गाव, पीक, औषध आणि कडेला तीन खुणा, तीन प्रश्नांच्या. बाकी एक शब्द नाही. सुभाषच्या नावापुढेही तेवढंच.

मग मी काकूंना ते सात जणांचे मेसेज दाखवले. त्यांनी मोबाइल जवळ धरून सावकाश वाचले.

"हे त्यायचंच बोलनं हाये," त्या म्हणाल्या.

"पण काकू, हे कुठून आलं ते मला सापडत नाहीये."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात ठेवला. "चार दिवस बसून तुमीच लिवून नेलं ना त्यायचं सारं? टेबल नेलं, फोन नेला. सकाऊन उठून तयार होऊन बसत जाय तो मानूस, कोनाचा फोन येईन म्हून. अन् आता मलेच इचारता, हे कुठून आलं?"

त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही आणि बरोबर केलं. मी गाडीत बसून रडले नाही, मला रागच येत होता. काकूंचा नाही... कोणाचा ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

यानंतरचे पंधरा दिवस मी काय केलं, ते ऐका. मी बग शोधत बसले. या सात जणांनाच बॉटनं का विचारलं, कसं विचारलं, कुठल्या वाटेनं विचारलं. रोज सकाळी नऊला बसायचे आणि संध्याकाळी डोळे चोळत उठायचे. बाकीच्या शेकडो लोकांना तो काहीच विचारत नाहीये, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बटण माझ्यासमोर होतं. त्याच पानावर मी दिवसातून वीस वेळा जात होते.

सोळाव्या दिवशी तक्रारीच्या नंबरवर एका बाईचा फोन आला. अमरावतीच्या एका दवाखान्यातून बोलत होती. "माह्या मानसाले तुमच्या मोबाइलनं कोनतं औषध सांगतलं? डॉक्टर इचारून रायले. ते बेसुद हायेत."

मी लॉग उघडून औषधाचं नाव वाचून दाखवलं, डॉक्टरांनाही सांगितलं. मग गाडी काढून दवाखान्यात गेले. तिचा नवरा गजानन. ही माणसं मेळघाटाकडची, त्याच वर्षी मोझरीजवळ ठेक्यानं शेत केलेलं. सकाळी पावणेनऊला त्यानं फोटो टाकला. बॉटनं चार सेकंदांत प्रमाण सांगितलं. टॅग – "उत्तर". सगळं जिथल्या तिथं. तो एकटाच गेला, उपाशी गेला, वाऱ्याच्या तोंडाला उभा राहिला आणि धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाशी, पडला. तीन तासांनी बकऱ्या चारणाऱ्या एका बाईला दिसला.

त्याची बायको मला म्हणाली, "मोबाइलनं सांगतलं अन् ते निंगाले. मी भाकर टाकून रायली होती ताई. पाच मिनिटं कोनी थांबवलं असतं तं..."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी गावंडे काकांवर चिडले. मेलेल्या माणसावर, मनातल्या मनात नाही, तोंडानं बोलून. रिक्षावाले बघत होते. सातांना विचारलंत ना? सुभाषचं पोळ्याचं पडणं आठवलं तुम्हाला, मग याला का नाही विचारलं? एकदा विचारायचं होतं! आणि बोलता बोलताच लक्षात आलं. गजाननानं अकोल्याला कधी फोन केलाच नव्हता. तो आला तोवर तो फोनच राहिला नव्हता. काकांनी त्यांची माणसं सांभाळली. हा त्यांचा नव्हता, हा माझा होता.

त्याच दुपारी ऑफिसात जाऊन मी प्रश्न चालू केले, तिन्हीकडे. काकांच्या शब्दांत लिहिले. "बंद"चं बटण पानावरून काढून टाकलं. मालक म्हणाले, "प्रमाण बरोबर होतं ना? मंग आपली काय चूक हाये मॅडम?" मी इतक्या जोरात ओरडले की हिशेबाच्या खोलीतली माणसं उठून उभी राहिली. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. काढायचं तर काढा म्हटलं. अजून काढलेलं नाही, कारण ते कोड दुसऱ्या कोणाला कळत नाही.

गजानन दहा दिवसांनी घरी गेला. हात अजून थरथरतात, एका डोळ्याला अंधुक दिसतं. फवारणीला तो पुन्हा जाऊ शकणार नाही, बायको जाते. मी तिला बॉटचा नंबर दिला नाही, माझा दिला. ती निघायच्या आधी फोन करते.

त्या दिवसापासून रिकाम्या टॅगचा एकही मेसेज गेलेला नाही. मी रोज बघते.

कमेंटमध्ये थिअरी टाकणाऱ्यांनी खुशाल टाकाव्यात. सर्व्हरच्या कॅशमध्ये जुनं काही साठून राहिलं असेल, जुना बॅकअप असेल, कोणीतरी मस्करी केली असेल... हे सगळं मी तपासून झालंय. त्या सात जणांचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि मिळेल असं वाटत नाही. आठव्याचं मात्र पूर्ण आहे. कोणती फाईल, कितवी ओळ, कोणत्या दिवशी, चहाच्या किती मिनिटं आधी, सगळं लॉगमध्ये आहे. लिहिणाऱ्याच्या नावाची जागाही रिकामी नाही, तिथं माझं नाव आहे.