शनिवारचे मोदक

नागावला कुमुदवहिनींच्या वाडीत शनिवार-रविवार पाहुणे उतरतात. त्यांचा स्वयंपाक सखुबाई करते. उकड निवू देऊन मळणाऱ्या बाईला ती कामचुकार म्हणते. हात भाजला तरी चालेल, मोदकाची पारी फाटता कामा नये.

म्हणूनच मोदक कमी होतात हे आधी तिलाच कळलं. पात्रातला खालचा थर विरळ दिसायचा. एक शनिवार तिनं सोडून दिला. पुढच्या शनिवारी वहिनी चौकटीत येऊन उभ्या राहिल्या.

"सखुबाई, मोदक पुरले नाहीत. पुरेसे केले होते ना?"

"केले व्हते."

"मग पाय फुटले का त्यांना?"

वहिनी हसून बोलल्या. पण घरी निघताना म्हणाल्या, "पिशवी जरा दाखवता?"

पिशवीत जुनं लुगडं आणि चार केळी निघाली. वहिनींनी लुगडंसुद्धा झटकून पाहिलं. ते झटकणं सखुबाईला जास्त लागलं. एका घरानं बोट दाखवलं की गावातलं दुसरं दार उघडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं स्वतःच पाळत धरली. पहिला संशय नारळ उतरवणाऱ्या धाकूवर.

"आत कशाला आलावतास रे?"

"पानी प्यायला. का, हीर आटंल?"

"हात दाव."

"घे, हुंगून बघ. खोबऱ्याचाच वास येनार. मी काय पोस्टात कामाला हाय?"

हाताला गुळाचा चिकटा नव्हता. तरी तिचं मन निवळलं नाही.

वहिनींच्या तेरा वर्षांच्या लेकीवर, श्रद्धावर, संशय घ्यायचं कारणच नव्हतं. ती पानावर बसायची आणि चिवडून उठायची. "डाएट करते," वहिनी कौतुकानं सांगायच्या.

त्याच्या पुढच्या शनिवारी सखुबाई नारळ आणायला कोठीत गेली. दार आतून लोटलेलं होतं. ढकललं, तर नारळांच्या ढिगामागं श्रद्धा उकिडवी बसलेली. एक मोदक तोंडात, एक हातात. चावत नव्हती, नुसती गिळत होती.

सापडला चोर! सुटले एकदाची! वहिनींना हाक मारायला सखुबाईनं तोंड उघडलंसुद्धा.

"मावशी, आईला सांगू नको ना."

"मंग माजी पिशवी उचकू दे व्हय? पानात वाढते तवा का खात न्हाईस?"

"त्या पुण्याच्या काकू म्हणाल्या, हिला एक कमी वाढा, नाहीतर दार रुंद करावं लागेल. सगळे हसले."

"पावन्यांचं काय येवढं! आज हायेत, उद्या न्हाईत."

"आईपण हसली."

सखुबाईनं दार मागं लोटून घेतलं.

"कुणी समोर असलं की घास उतरत नाही," श्रद्धा म्हणाली. "आणि एकटी असले की थांबता येत नाही. पोट दुखलं तरी."

संध्याकाळी वहिनी आल्या. "पिशवी." आज 'जरा'ही नव्हतं.

सखुबाईनं पिशवी काखेत दाबली. "मोदक कमी हायेत. कुठं गेले ते मला ठावं हाय. पन सांगनार न्हाय."

"मग उद्यापासून येऊ नका."

"बरं."

ती स्वयंपाकघराची पायरी उतरली.

"मी खाल्ले," श्रद्धा मागून म्हणाली.

वहिनींनी लेकीकडे पाहिलं आणि त्या सखुबाईकडे वळल्या. "काय पढवलंत हिला?"

श्रद्धानं पात्रातला मोदक उचलला आणि आईसमोर तोंडात घातला. गाल फुगला. डोळ्यांत पाणी आलं. घास काही खाली जाईना.

"वहिनी, तिकडं तोंड करा," सखुबाई म्हणाली.

वहिनी हलल्या नाहीत. मनात शिरलेला संशय असा एका दमात निघत नाही.

"तुमी बघताय म्हनून अडकलाय त्यो. फिरा."

अखेर वहिनींनी वाडीकडं तोंड केलं. सखुबाईनंही पाठ फिरवली. मग श्रद्धा सावकाश चावू लागली.