पाणी नाही

आधी पाइपवर बोटाच्या पेराने टकटक करायची, मग वैद्याने नाडी बघावी तसा कान लावायचा, आणि मग सावकाश म्हणायचं, “पाइपाक काय ठावक, आतसून काय जाता?”

तुमच्याही मजल्यावर असा एखादा गृहस्थ असेल. नसेल तर सुखी आहात. आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत हे गृहस्थ नेमके माझ्या भिंतीला भिंत लावून राहत. गोदीतून रिटायर झालेले, मूळ मालवणकडचे, बारा महिने गंजीफ्रॉकात.

त्यांच्या उद्योगांआधी मजल्यावरची संध्याकाळची बैठक माझ्या दारात भरायची. मी किस्से सांगायचो, बायको चहा द्यायची, लोक हसायचे. माझं स्थान, नम्रपणे सांगायचं तर, अढळ होतं.

मग त्यांनी मोरी नवी केली आणि पाण्याचा प्लास्टिकचा पाइप भरपूर उरला. दुसऱ्याने भंगारात घातला असता. यांनी त्यातून घरभर विजेच्या वायरी ओढल्या. पंख्याकडे वळायला एल्बो, ट्यूबलाइटला फाटा द्यायला टी. तरीही पाइप शिल्लक, म्हणून तो गॅलरीत काढला, माझ्या दारावरून नेला आणि जिन्याच्या तोंडाशी दिवा टांगला. झालं. बैठक उठून दिव्याखाली गेली.

मी त्याच वर्षी भिंती फोडून, घरभर सिमेंटची धूळ खाऊन कन्सील वायरिंग करून घेतलं होतं. पण भिंतीच्या पोटात गेलेल्या वायरीचं कौतुक करायला कोण येणार? यांचा जाडजूड पाइप बघायला वरच्या मजल्यावरून माणसं येत होती.

“भावजींनी बघा, सगळं स्वतःच्या हाताने केलं,” बायको म्हणाली.

“आपलं काम दिसत नाही, यातच त्याची शान आहे.”

“तुमचं सगळंच तसं. दिसत नाही.”

मग मी आमच्या इलेक्ट्रिशियनकडून माहिती काढली आणि भर बैठकीत उभा राहिलो. “दादा, हा पाण्याचा पाइप. वायरीचा वेगळा मिळतो. उद्या आत ठिणगी उडाली तर हा जळेल.”

त्यांनी टकटक केलं, कान लावला. “पाइप नाय जळत रे शेजाऱ्या. तू जळतंस.”

बैठक हसली. माझी बायको सगळ्यात जोरात.

माझं म्हणणं खरं ठरायची वेळ आली ती वेगळ्याच वाटेने. गॅलरीतली पाण्याची लाइन बदलायला नवा प्लंबर आला. त्याला पाइप दिसला, त्याने शिडी लावली आणि करवत काढली. मी दारातच होतो. इतक्या मोठ्या प्रसंगाला साजेसं वाक्य मी जुळवत होतो, तेवढ्यात शेजारच्या मोरीतून हे तोंडाला साबण फासलेले धावत आले आणि त्यांनी प्लंबरचं मनगटच धरलं.

“थांब रे बाबा. ह्यात पाणी नाय. करंट आसा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लाल रंगाचा डबा आणला आणि पुढच्या प्लंबरसाठी गॅलरीभर, हातहातभर अंतरावर, पाइपवर लिहिलं: पाणी नाही.

आता चाळीत ‘पाणी नाही’ या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको. कोपऱ्यातल्या वहिनी बाजारातून आल्या, त्यांनी वाचलं आणि पिशवी टाकून बादली नळाखाली लावली. त्यांचं बघून शेजारणीने पिंप धुतलं. खालच्या मजल्यावर निरोप गेला. हंडे, कळश्या, टोप, कुकर. आमच्या घरात तर फुलदाणीही भरली. संध्याकाळपर्यंत गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी पडली आणि मजल्यावरचे सगळे नळ खोकायला लागले.

सगळे हातात बादल्या घेऊन त्यांच्या दारात जमले. त्यांनी बाहेर येऊन स्वतःच्या अक्षरांकडे बघितलं, मग कोरड्या नळाकडे.

“मगे? मी काय खोटा लिवलंय?”

माझी बायको उंबऱ्यावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी आयुष्यभर किस्से सांगतोय हो. तिच्या डोळ्यांत पाणी आणणं मला कधी जमलं नाही. निदान हसवून तरी नाही.

मागच्या गणपतीला ते गावी गेले आणि परतली ती फक्त बातमी. मुलाने रीतसर वायरिंग करून घेतलं, पाइप उतरवला. मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, माझ्या दारावरचा तुकडा राहू दे. वायर काढून घे. “रिकामा पाइप ठेवून काय करणार, साहेब?” तो म्हणाला. मी त्याला चहा दिला.

आता बैठक पुन्हा माझ्या दारात भरते, मला हवी होती तशीच. मी एखादा स्वतःचा, कसदार किस्सा सुरू करतो. कुणीतरी मान वर करून लाल अक्षरांकडे बघतं आणि म्हणतं, “ते सांगा ना, बादल्यांचं.”

मी सांगतो. त्यांच्या आवाजात, त्यांच्या मालवणीत. बायको चहाचे कप हातात घेऊन दारात थांबते आणि नेमक्या त्याच वाक्याला हसते. त्या हसण्याची दाद मला की त्यांना, हे तिला विचारायचं धाडस होत नाही. मी स्टुलावर चढून तुकड्यावर टकटक करतो, कान लावतो.

पाइपाक काय ठावक, आतसून काय जाता.