ग्रीकांची दोन पानं

काल बायको चिंच लावून पितळेची भांडी घासत होती, त्यात माझा वक्तृत्वाचा कप निघाला. त्या आंबट वासासरशी तीस वर्षं मागे गेलो आणि पुन्हा डोकं तापलं.

राहात्याची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. विषय, भारतीय आणि ग्रीक विचारांतला माणूस व विश्व. मी आणि वर्गातली शाहीन, दोघांनी मिळून तयारी केलेली. आधी ती बोलली. “आपले ऋषी म्हणाले, आतला आत्मा आणि बाहेरचं ब्रह्म एकच. ग्रीक म्हणाले, विश्वाला शिस्त आहे, माणसानं त्यातली आपली मर्यादा ओळखावी...”

परीक्षक मध्येच गरजले, “ते राहू द्या बाई, जिंकलं कोण ते सांगा!”

“सर, ही कुस्ती नाही,” म्हणून ती खाली बसली. सभागृह खिदळलं. अरे, विचारांचा काय आखाडा मांडलाय? मी चांगलाच भडकलो होतो. तसाच व्यासपीठावर गेलो आणि मी पठ्ठ्या छाती काढून ओरडलो, “ग्रीकांनी सगळं आपल्याकडूनच उचललं!” टाळ्या कडाडल्या. कप मला.

परतताना एसटीत शाहीननं विचारलं, “ग्रीकांची दोन पानं हुती ना रे तुझ्याकडं?”

“वेळ संपली गं.”

“घंटा तर वाजलीच न्हवती.”