वाण म्हणून गेलेली चित्रं

"प्रदर्शन बघायला या" म्हटलं असतं तर आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी बायकांपैकी एक आली नसती. पण "संक्रांतीचं हळदीकुंकू आहे" म्हटलं की तापानं फणफणलेली बाईसुद्धा जरीची साडी नेसून हजर! म्हणून आम्ही बायकांनी काढलेल्या चित्रांचं उद्घाटन हळदीकुंकवानं करायचं, ही अक्कल माझ्या मावशीची.

आधी संस्थान मध्य भारतात विरघळलं, मग मध्य भारत मध्य प्रदेशात. राजधानी भोपाळला गेली आणि मागोमाग कचेऱ्याही निघाल्या. मावशीच्या यजमानांची बदली झालीच होती. मावशी बाड्याजवळच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकाजवळच्या, शाळेत बायकांचा सरकारी चित्रकला वर्ग चालवायची. वर्ग टिकला तर ती इथे राहणार, नाहीतर ट्रंक भरणार. नव्या खात्याचे साहेब संध्याकाळी चित्रं बघून काय ते ठरवणार होते.

चित्रं वीतभर, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. चौकटी परवडत नव्हत्या. भिंतीलगत फळीवर ओळीनं मांडली. तिळगूळ होता, अत्तर होतं. वाण तेवढं आणलं नव्हतं.

"चित्रं बघितली, झालं की वाण," मावशी म्हणाली. हे ती फक्त आम्हाला म्हणाली.

सगळ्यांत वडीलधाऱ्या काकू पहिल्या आल्या. कुंकू लावून झालं, तिळगूळ खाऊन झाला, तरी हलेनात. वाणाची वाट बघत होत्या. मग त्यांची नजर फळीवर गेली. चेहरा उजळला. गणपती उचलून त्यांनी पदराखाली घेतला.

"गेल्या वर्षी फणी मिळाली होती बाई! हे किती छान!"

मावशीच्या हातात करंडा तसाच राहिला. सवाष्णीच्या हातातलं वाण काढून घेणार कोण?

मग काय विचारता! रांगच लागली.

"मला घोडा नको गं. संस्थानच्या घोडदळातल्या नोकरीनंच बुडवलं आमचं घर. ते कमळ दे."

"मग घोडा मला. आमच्या ह्यांना आवडेल, शायद."

"ए, ढकलू नको, माझ्या सुनेनं काढलंय ते!"

"सुनेचं घरी रोज बघतेस की!"

मी तोंडात पदर कोंबून हसत होते. मावशीनं काढलेले बाड्यावरचे टांगे सर्वांत शेवटी गेले. ते नेणाऱ्या बाईंनी आधी चित्र उलटं करून पुठ्ठा मजबूत आहे का ते बघितलं.

साहेब आले तेव्हा खोलीत अत्तराचा वास होता आणि रिकामी फळी.

"प्रदर्शनी कहाँ है?"

"बँट गई," मावशी म्हणाली.

साहेब हसले, तिळगूळ घेतला, "बहुत बढ़िया" म्हणाले आणि निघाले. वर्ग बंद झाल्याचं पुढच्याच महिन्यात कळलं.

मी म्हटलं, "मावशी, घरोघर जाऊन मागून आणू या. साहेबांना पुन्हा बोलावू."

"वाण परत मागतात का कुणी?" ती म्हणाली.

मागायचं तरी कुणाकडे? निम्म्या घरांना कुलपं लागली होती. चित्रं पितळी भांड्यांच्या मध्ये, आदळू नयेत म्हणून घातलेली, भोपाळच्या गाडीत चढली. मावशीही चढली.

पुढच्या संक्रांतीला मी तिच्या भोपाळच्या क्वार्टरमध्ये हळदीकुंकवाला गेले. तिनं सगळ्यांना साबणाच्या डब्या लुटल्या. मलाही एक दिली, गुलाबी.

"रंग कुठेत गं तुझे?" मी विचारलं.

"तू डबी नीट धर," ती म्हणाली, "झाकण सैल आहे."