लोन करून देणारा माणूस

चहा फुकट पाजणाऱ्याचाही मला संशय येतो, आणि हा माणूस तर फुकटात घराचं कर्ज काढून द्यायला निघाला होता.

बमरोलीतल्या ज्या दोन खोल्यांत आम्ही सोळा वर्षं भाड्याने राहत होतो, त्या मालकाने विकायला काढल्या. आधी तुम्हाला विचारतोय, दोन महिन्यांत जमवा, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे, असं त्याने सांगितलं. खोल्या सोडायच्या म्हणजे मुलीची शाळा, दारातलं पाणी, उधार देणारा दुकानदार, सगळंच सोडायचं. माझा नवरा पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला. पगार रोख, हातात कागद म्हणून काही नाही. बँक आपल्याला दारातही उभं करणार नाही, हे त्याने घरी बसूनच ठरवून टाकलं आणि मिलमधल्या कुणाच्या तरी ओळखीने या लोन एजंटला रविवारी सकाळी घरी बोलावलं.

एजंट आमच्या मुलखातला, धुळ्याकडचाच निघाला. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाईल, बगलेत फाईल. दारातूनच म्हणाला, "वहिनी, काही काळजी नका करा. मी शे ना."

ती बोली ऐकून नवऱ्याचा चेहरा फुलला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. परका माणूस आला तर आपण दार अर्धंच उघडतो. अहिराणी बोलणाऱ्याला मात्र थेट चुलीपर्यंत येऊ देतो. हे मला ठाऊक आहे तसं त्यालाही ठाऊक असणारच.

खाटेवर माझ्या साड्यांची थप्पी होती. मार्केटमधून साड्या येतात, मी त्यांना खडे चिकटवून परत पाठवते. त्याने ती थप्पी हाताने बाजूला सारली, बसला आणि नवऱ्याला एकेक विचारू लागला. मी चहा ठेवता ठेवता कान तिकडेच लावले होते.

"तुमची फी किती?" मी मधेच विचारलं.

"तुमच्याकडून एक रुपया नाही, वहिनी. मला बँक देते."

"म्हणजे तुम्ही बँकेचे."

"छे छे, मी तुमनाच माणूस."

"पैसे त्यांचे घेता, मग आमचे कसे?"

तो हसला. नवरा मात्र चिडला. "तू गप ऱ्हाय ना जरा," म्हणाला.

एजंटने फाईलमधून कोरे फॉर्म काढले. पेन्सिलीने फुल्या मारून आणल्या होत्या. या या ठिकाणी सह्या करा, बाकीचं मी ऑफिसात भरतो, असं म्हणत त्याने पेन पुढे केलं आणि आमच्या साहेबांनी ते घेतलंसुद्धा! मी चहाची कपबशी बरोबर फॉर्मवर आणून ठेवली. "आधी भरा. आमच्यासमोर."

नाइलाजाने तो भरू लागला. मी त्याच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होते. नाव, पत्ता ठीक. पुढे त्याने लिहिलं, व्यवसाय: किराणा दुकान.

"कुणाचं दुकान?"

"अहो, कागदावरचं. रोख पगारवाल्याला कोण कर्ज देणार? सगळ्यांचं असंच करतो मी."

"आणि उद्या कुणी दुकान बघायला आलं तर? तुम्ही दाखवणार?"

यावर त्याला अचानक फोन बघावासा वाटला. विचार करून कळवा म्हणाला, चहा मात्र पुरता पिऊन गेला.

मग आमचं जुंपलं. "सगळेच करतात तसं. तुला काय, सामान बांधायचंय का?" नवरा म्हणाला. त्याने आधार कार्डाचे फोटो आधीच त्या माणसाला पाठवले होते, हेही त्याच भांडणात बाहेर पडलं. मी तोंडाने तडतडले खरी, पण आतून घाबरले होते. माझ्या या खवट स्वभावापायी मुलीला घेऊन रस्त्यावर यायची वेळ आली तर? खोट्या दुकानाच्या जोरावर लोक आपापल्या घरात नांदतही असतील. चार दिवस मी रोज एकदा एजंटचा नंबर काढला आणि रोज ठेवून दिला. पाचव्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, एकदा आपणच विचारू. नाही म्हणाले तर बोलाव तुझ्या माणसाला.

उधन्याच्या बँकेत जाताना मी घरातला झाडून सगळा कागद पिशवीत भरला. मागे कुलपाचा काय भरवसा! बँकेतले साहेब गुजराती होते, वयाने लहान. त्यांनी नवऱ्याचे कागद चाळले. पगाराचा पुरावा? नाही. मिलचं पत्र? मालक देत नाही. त्यांनी कागद नीट जुळवून परत दिले. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"बेन, तमे शुं काम करो छो?"

"कंई नहीं. घरे ज छुं."

काही नाही, घरीच असते, शाळेच्या फॉर्मवर, दवाखान्यात, सगळीकडे मी हेच सांगत आले होते. तोंडात बसलं होतं.

"खोटुं बोले छे, साहेब," नवरा म्हणाला.

शर्ट खोचलेल्या माणसासमोर ज्याचा आवाज फुटत नाही, तो हा माणूस! माझ्या मांडीवरची पिशवी ओढून त्याने माझं पासबुक काढलं आणि साहेबांपुढे उघडून धरलं. साड्यांची मजुरी सहा-सात वर्षांपासून मार्केटमधला शेठ माझ्या खात्यावरच टाकतो. नवरा एकेका ओळीवर बोट ठेवत गेला. मिल बंद पडली की माझा पगार बंद, हिचा एक महिना चुकलेला नाही, घरभाडं हीच भरते, असं तो गुजराती-हिंदीत जमेल तसं सांगत होता. साहेबांनी एक पान उलटलं, मग दुसरं. मग नवा फॉर्म काढून त्यांनी पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पुढे कर्ज मिळालं. मागितलं त्याहून थोडं कमी, पण खोल्या राहिल्या.

त्या दिवशी मात्र मला कर्जाचं काही सुचत नव्हतं. माझं काम हा माणूस रिकामपणचा उद्योग समजतो, अशी माझी खात्री होती, आणि या खात्रीवर मी किती वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी भांडत आले होते. बँकेच्या पायऱ्या उतरताना मी विचारलं, "मनं पासबुक तू कव्हय देखं?"

"एंट्री कोन मारी आनस? दर महिनाले मीच ना."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

तो गाडीची चावी शोधत होता. वर न बघताच म्हणाला, "तू आख्खा जगले इचारस. माले कधी इचारं?"

मी पिशवी सावरून त्याच्या मागे गाडीवर बसले.