आरतीच्या मानाची यादी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सावंगीच्या दवाखान्यात खाट मिळेना, तेव्हा आमच्या गणेश मंडळानं गावासाठी ऑक्सिजनची मशीन आणली. एकच. आधी कोणाला द्यायची यावरून भांडणं होतील म्हणून मी, मंडळाचा सचिव आणि गावातला किराणावाला, शहाणपणा केला. गणपतीत आरतीचे मान ज्या क्रमानं घरोघर जातात, तीच यादी उतरवून मंदिराच्या भिंतीवर लावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही मोठा तीर मारल्यासारखं वाटलं.

त्या यादीत भाजी लावणाऱ्यांच्या मोहल्ल्यातलं एकही नाव नव्हतं. महाप्रसादाची वांगी दरवर्षी त्यांच्याच वाडीतली. पण आरतीच्या वेळी ते हिंगणघाटच्या बाजारासाठी जुड्या बांधत बसलेले, म्हणून मान त्यांच्याकडे कधी गेलाच नाही. हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

एका दुपारी त्या मोहल्ल्यातली एक बाई दुकानापुढे येऊन उभी राहिली. नवऱ्याला दम लागला होता. मशीन तेव्हा एका व्यापाऱ्याच्या घरी होती. तो बरा होऊन ओसरीत पेपर वाचत होता, तरी असू द्या जवळ म्हणून सोडत नव्हता. मी त्याच्याकडे मागायला गेलो नाही. यादीतली नावं संपली की तुमचाच नंबर, असं सांगून मी तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा सावंगीच्या वाटेवर ऑटोतच मेला.

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि माझ्या यादीचा फोटो फलकाएवढा करून चौकात टांगला गेला. खाली लिहिलं होतं : यात आमचं नाव शोधा. मी हादरलो. त्या मोहल्ल्यातल्यांनी आमच्या दुकानांची पायरी सोडली, आमच्या लोकांनी त्यांची भाजी. मतदानाच्या दिवशी माझ्या सख्ख्या भावाचं डोकं फुटलं. फोडणारा त्याच मोहल्ल्यातला, त्याचा भजनातला जोडीदार होता. एका पंगतीत जेवणारी माणसं अशी एकमेकांवर धावतील, हे डोळ्यांनी पाहूनही मला खरं वाटेना.

माझ्या मनात काही वाईट नव्हतं, एवढं सांगायला मी त्या बाईकडे गेलो. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"यादी तुमी लिहून राह्यले होते भाऊ," ती म्हणाली, "म्हणून आमचं नाव असनच, असं वाटलं आमाले. भिंतीपाशी पाह्यलेबी नाई गेलो आमी."