बंद करतोय हो!

बिघाडाच्या नोंदीत वेळ असते, कारण असते, दुरुस्ती असते. त्या वेळी कोण काय बोलले, याला मात्र रकाना नसतो. ते चहाच्या कपांभोवती साचत जाते. जव्हारच्या आमच्या निरीक्षण कक्षात असे पुष्कळ साचले आहे.

कक्ष म्हणजे एक खोली, दोन पडदे आणि तीन माणसे. पडद्यांसमोर ठाण्याहून आलेली अभियंता शलाका, डोंगरावरचे टॉवर सांभाळणारे पोशेऱ्याचे देवजीकाका, आणि मी. जव्हार-मोखाड्यातले संपर्काचे टॉवर, बॅटऱ्या, वायरी यांवर आम्ही लक्ष ठेवतो. काही बंद पडले की पडद्यावर लाल दिवा लागतो.

पहिल्याच महिन्यात एकतीस दिवे एकदम लागले! आरोग्य केंद्रे, शाळा, कचेऱ्या, सगळे मुके. शलाकाचा चेहरा उतरला. ती एकेका ठिकाणी फोन लावू लागली; पण लागणार कुठून?

देवजीकाका दारात चपला काढत म्हणाले, "पोरी, येवढी सगळी एकदम मरत नाय. यांचा बाप कोण, तेला बग!"

बाप शिरपामाळच्या अंगाला एका टेकडीवर सापडला. एक बॅटरी, आणि उंदरांनी कुरतडलेली तिची वायर.

*

त्या दिवसापासून मी नकाशा करायला घेतला. प्रत्येक वस्तूचे एक वर्तुळ. जिच्यावाचून ती चालत नाही, तिच्याकडे जाणारी एक रेघ. मग यंत्राला विचारायचे, 'हे बंद केले तर काय काय बंद पडेल?' ते यादी देते. 'संबंधित' हा शब्द मी आरंभीच खोडला. सगळेच सगळ्यांशी संबंधित असते. रेघेने 'अवलंबून' एवढेच सांगावे.

एकदा यंत्राला असाच प्रश्न विचारला, तर उत्तरच येईना. पडदा गोठला. दोन गावांतल्या जोडणीच्या दोन पेट्या एकमेकींवर अवलंबून असल्याची नोंद झाली होती; यंत्र इकडून तिकडे नुसते फिरत होते.

देवजीकाकांनी मान हलवली. "साटंलोटं केलंय यांनी. आता कोण कोणाचा जावई, ते कोर्टालापण कळायचं नाय!"

*

एका आरोग्य केंद्राच्या जोडणीला दोन मार्ग होते. पहिला तुटला तर दुसरा. नकाशा छातीठोकपणे सांगे, 'पर्यायी मार्ग आहे.' वादळात दोन्ही एकाच क्षणी गेले. आम्ही जीपने धावलो. दोन्ही वायरी एकाच मोहाच्या झाडावरून नेलेल्या होत्या, आणि फांदी खाली पडलेली.

"दोर दोन, फांदी एक!" देवजीकाका म्हणाले.

मी नकाशात त्या झाडाचे वर्तुळ काढले. वरिष्ठांचा फोन आला, "उपकरणांच्या यादीत झाड कशाला?"

शलाका म्हणाली, "सर, बंद न पडण्यात कालपर्यंत ते आपल्यापेक्षा पुढे होतं!"

*

देवजीकाकांची एक रीत मला प्रथम विचित्र वाटली. टॉवरची वीज तोडण्याआधी ते कड्यावर जाऊन, तोंडाभोवती हात धरून, तीनदा ओरडत, "बंद करतोय होऽऽ!" मग एक विडी ओढून होईपर्यंत थांबत. मगच खटका.

"काका, खाली फक्त झाडी आहे. हाक कोणाला देता?"

"राबासाठी, शेत भाजायला फांदी तोडताना हाक देतो का नाय आम्ही? खाली कोण हाय, ते झाडावरनं दिसतंय थोडंच?"

मी हसलो. तोवर माझा नकाशा पूर्ण होत आला होता.

*

नकाशा पूर्ण झाल्याचे मी सहीनिशी लिहून दिले. वरिष्ठांनी ठरवले, यापुढे वीज तोडायची ती जव्हारहूनच, नकाशाला विचारून. पहिला मान मोखाड्याच्या बाजूच्या एका जुन्या टॉवरला. तो कायमचा काढायचा होता. सामान उतरवायला देवजीकाका सकाळीच वर पोहोचले होते.

शलाकाने यंत्राला प्रश्न विचारला. उत्तर आले, 'अवलंबून: शून्य.'

फोनवर एका बाजूला वरिष्ठ, दुसऱ्या बाजूला देवजीकाका.

"दाबा," वरिष्ठ म्हणाले.

"साहेब, हाक देऊ का?" देवजीकाकांनी विचारले.

"शून्य आहे म्हटल्यावर हाक कोणाला? सही आहे ना खाली?"

सही माझी होती. शलाकाने बटणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले.

"द्या हाक," मी म्हणालो.

फोनमधून तिन्ही हाका ऐकू आल्या. मग नुसता वारा.

"झालं का?" वरिष्ठ.

"विडी व्हायचीय, साहेब."

आणि दरीतून, फार खालून, एका बाईचा आवाज आला. "थांबा! अहो थांबा, बंद नका करू!"

ती खालच्या आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर होती. धापा टाकत वर आली आणि देवजीकाकांच्या हातातला फोन घेऊन बोलू लागली. सौर यंत्र आठ दिवस बंद, तक्रार करून थकली, म्हणून तिने टॉवरच्या खोलीतून वायर ओढून घेतली होती. त्या वायरीवर आता प्राणवायूचे यंत्र चालू होते, यंत्रावर पहाटे जन्मलेले बाळ, आणि रुग्णवाहिका अजून घाटात.

शलाकाने बोट उचलले. हात मांडीखाली दाबून बसली.

फोन कोणीच ठेवला नाही. वरिष्ठांनीही नाही. सिस्टर खाली पळाली. घाटात दरड, मग रस्ता मोकळा, मग पुन्हा काहीच नाही. मधेच देवजीकाका सांगत, "गाडी दिसली... वळणाआड गेली... दिसली." जवळजवळ दोन तास. शलाकाचा चहा साय धरून तसाच राहिला.

"गाडीतपण हवा हाय का, साहेब?" त्यांनी एकदा विचारले.

मग दरीतून पुन्हा तोच आवाज आला. या वेळी लांबवलेला, कड्याकडे तोंड करून दिलेला.

"देवजीदादाऽऽ! बाळ गेलं गाडीतनं, रडत गेलं! आता करा हो बंद!"

शलाकाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने बटण दाबले.

पडद्यावर एकही दिवा लाल झाला नाही.